व्हिक्टोरियन रग्बीपटूची कारकीर्द कशी लिहावी?

माटुंगेकर: १८८०च्या दशकातल्या एका इंग्लंडच्या रग्बीपटूवर लेख करतोय. कॅप (देशाकडून खेळलेले सामने) जेमतेम पाच, त्यात १८८८ आणि १८८९ कोरी. दुखापत झाली असेल का? गुण कसे मांडू?

गिरगावचा_वाचक: दुखापत अजिबात लिहू नका. ती दोन वर्षं इंग्लंड स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सशी खेळलाच नाही. १८८४च्या स्कॉटलंड सामन्यातल्या एका ट्रायवरून (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) वाजलं, १८८६मध्ये नियम ठरवायला इंटरनॅशनल बोर्ड निघालं, इंग्लंड त्यात जाईना. लवाद बसला तेव्हा कुठे मिटलं. आणि पाच कॅप ‘जेमतेम’ नव्हेत हो! वर्षाला सामनेच फार तर तीन.

जुना_स्कोअरर: आजचे गुण मागे लावू नका, तिथेच सगळे फसतात. सुरुवातीला नुसत्या ट्रायला किंमत नव्हती. त्यातून गोलवर (खांबांमधून, आडव्या दांडीवरून) किक मारायचा हक्क तेवढा मिळायचा. १८७५पासून गोल समसमान असतील तर ट्राय मोजू लागले. म्हणून ‘१ गोल, १ ट्राय’ असंच ठेवा. १८७७च्या आधीचे सामने असतील तर संघ वीस-वीसचा, त्यामुळे ‘फॉरवर्ड’ (पुढच्या फळीतला खेळाडू) म्हणजे आजचा आठातला एक समजू नका.

माटुंगेकर: मानधन?

गिरगावचा_वाचक: अधिकृतपणे शून्य. सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून देण्यावरूनच १८९५मध्ये हडर्सफील्डला उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी संघटनेतून फुटले. तुमचा गडी यॉर्कशर-लँकेशरचा असेल, तर तो फुटलेल्या क्लबात होता का ते आधी पाहा. मुंबईची जोड हवीच असेल तर बॉम्बे जिमखाना १८७५चा; पण कलकत्ता कपचं (इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा चषक) श्रेय आपल्याकडे ओढू नका, ती चांदी कलकत्त्याच्या क्लबाच्या रुपयांची!