बिनपैशाचे स्लॅशर: जिद्दीचं कौतुक कुठवर करायचं?

निशाचर:
मोठ्या स्टुडिओंच्या गुळगुळीत भयपटांची मला आताशा भीती वाटत नाही. मुखवट्यातला खुनी, चार-पाच तरुण, एखादं घर आणि निर्मात्याच्या खिशात खडखडाट, अशा स्लॅशर चित्रपटांत, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारतो त्या प्रकारात, मात्र अजून धग आहे. १९७८ चा 'हॅलोविन' घ्या. सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये सगळं उरकायचं होतं. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानातला स्वस्त मुखवटा, पांढरा रंगवलेला. कथा इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, म्हणजे पानगळीची, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात. मग पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा वापरायची. संगीतही दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं स्वतःच दिलं. हाताशी भरपूर पैसा असता तर तो कोरा पांढरा चेहरा कुणाला सुचला असता?

कात्रीवाला:
'हॅलोविन'चं उदाहरण इथे गैरलागू आहे. डीन कंडीसारखा छायालेखक, पॅनाव्हिजनची रुंद चौकट, अभिनेता डोनाल्ड प्लेझन्सला पाच दिवसांचे २०,००० डॉलर. याला कमी बजेट म्हणतात. पैसाच नसला की काय होतं ते पाहायचं तर १९८३ चा 'स्लेजहॅमर' पाहा. डेव्हिड प्रायरनं तो फिल्मऐवजी व्हिडिओवर, बराचसा स्वतःच्या राहत्या अपार्टमेंटमध्ये काढला. लांबी भरत नाही म्हणून साधी हालचालसुद्धा स्लो मोशनमध्ये. प्रेक्षकाला ताटकळत ठेवून भीती वाढते, पण काहीतरी येणार आहे याची खात्री त्याला आधी द्यावी लागते. इथे नुसतं पाणी घालून वाढवलंय.

आणि आवाज! या चित्रपटांचा खरा घात तिथे होतो. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, कधी त्यातच त्याला मजा येते. पण कॅमेऱ्यावरच्याच माइकनं संवाद टिपले की खोलीचा घुमारा, फ्रिजची घरघर, बाहेरची गाडी सगळं आत येतं. दोन शॉट जोडले की मागचा आवाज बदलतो आणि प्रसंग तिथेच तुटतो. कुजबुज ऐकूच येत नसेल तर भीती कशाची वाटणार?

निशाचर:
आवाजाबद्दल मान्य. 'स्लेजहॅमर'बद्दल मुळीच नाही. त्या बोडक्या पांढऱ्या भिंती आणि लांबलेली स्लो मोशन यांनी वाईट स्वप्नात अडकल्यासारखं होतं. तो परिणाम ठरवून साधलेला नसेल, पण माझ्यावर होतो, आणि प्रेक्षक म्हणून मला तेवढं पुरतं.

मृण्मयी:
तुम्ही दोघंही तंत्रावरच बोलताय. लेखनाला पैसे लागत नाहीत. 'हॅलोविन' टिकला त्यात सहलेखिका डेब्रा हिलचा मोठा वाटा आहे. मुलींचे संवाद तिनं लिहिले, म्हणून त्या मैत्रिणी खऱ्याखुऱ्या वाटतात. २०१६ च्या 'टेरिफायर'मध्ये एका तरुणीला उलटं टांगून करवतीनं कापतात. कॅमेरा नजर वळवत नाही, आणि तिच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं. ही बजेटची अडचण नाही. दिग्दर्शकानं केलेली निवड आहे, आणि मला ती अतिशय खटकते.

रबरी हात:
मेकअपच्या बाजूनं बोलतो. तोच प्रसंग मी तास न् तास अभ्यासलाय. दिग्दर्शक डेमियन लिओननं इफेक्ट स्वतः घडवले. रबर, रंग, खोटं रक्त. संगणकावर काढलेल्या जखमेला वजन नसतं, हातानं घडवलेल्या जखमेला असतं. मृण्मयी, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण 'टेरिफायर'च्या दुसऱ्या भागात (२०२२) सिएना हे पात्र भावासकट, वडिलांच्या आठवणींसकट नीट उभं केलंय. काही पैसा चाहत्यांकडून वर्गणीनं आला, बजेट अडीच लाख डॉलरच्या आसपास, आणि कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली.

कात्रीवाला:
आणि लांबी १३८ मिनिटं! स्लॅशरला? तंबी देणारा निर्माता डोक्यावर नसला की असं होतं. स्वातंत्र्य हवंच, पण 'हा प्रसंग काढ' असं तोंडावर सांगणारा एक तरी माणूस टेबलाशी हवा. तो फुकटही मिळतो.

मृण्मयी:
सिएनाचं पात्र मलाही आवडलं. पण त्याच चित्रपटात तिच्या मैत्रिणीचा बेडरूममधला मृत्यू पुन्हा तितकाच लांबवलाय. नायिकेला माणूस केलं, बाकीच्या मुली अजून सामानच.

निशाचर:
तो प्रसंग मलाही जड गेला. तरी सिएनासाठी मी ती १३८ मिनिटं पुन्हा बसेन. कात्रीवाला, तुम्ही त्यातलं नेमकं काय कापलं असतं ते सांगा. त्यावर भांडू.