वर्गातली स्क्रीन : मी फळ्याच्या बाजूने आहे, पटत नसेल तर जरूर सांगा

खडू_आणि_फळा :
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मी सातवी-आठवीला गणित शिकवते. आमच्या वर्गात मोठी टचस्क्रीन बसवली तेव्हापासून फळा तिच्या मागे गेलाय, म्हणजे अक्षरशः मागे, पुसायलासुद्धा हात पोचत नाही. सरावही टॅबवरच घ्यायचा असं ठरलंय.

मागच्या महिन्यातलं सांगते. ३क्ष - ६ = १२ हे समीकरण होतं. एका मुलीने उत्तर टाकलं २, लाल झालं. मग ३, लाल. ४, ५, आणि ६ टाकल्यावर हिरवं झालं, स्टार मिळाला, पुढचं गणित आलं. माझ्याकडे रिपोर्ट काय आला तर 'पूर्ण'. मला शंका आली म्हणून तिला तेच वहीत करायला लावलं तर तिने लिहिलं ३क्ष = १२ - ६. बाजू बदलली पण चिन्ह बदललंच नाही! वहीत ते एका ओळीत दिसलं. टॅबवर वर्षभर दिसलं नसतं. खाडाखोड, गाळलेली पायरी, विसरलेला हातचा, मला मूल कळतं ते यातूनच.

स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी शाळांना मुद्दाम वेगळे पैसे दिले, तेही आधी सगळं डिजिटल करून झाल्यावर. मग आपण कशाला धावतोय त्याच रस्त्याने?

कोन_आणि_त्रिकोण :
ताई, मुलीचा किस्सा वाचून वाईट वाटलं, पण हा दोष त्या ॲपचा आहे, पायरी न विचारता उत्तर विचारणारं ॲप वाईटच. त्यावरून सगळ्या तंत्रज्ञानालाच बाद करू नका.

मी जिओजेब्रा वापरतो, आकृत्या काढून हलवता येणारं गणिताचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्रिकोण काढला, तिन्ही कोनांची मापं आणि बेरीज स्क्रीनवर, आणि मुलाला सांगितलं की शिरोबिंदू धरून ओढ. कोन बदलतायत, बेरीज १८० ची १८०. एकजण म्हणाला, सर अजून खाली ओढू का, पार सपाट करतो. केला, तर एक कोन १८० आणि बाकीचे दोन शून्य, सगळा वर्ग गप्प, मग एकदम गलका, की याला आता त्रिकोण म्हणायचं का? हा प्रश्न मी १४ वर्षं खडूने शिकवताना एकदाही ऐकला नव्हता, कारण फळ्यावर काढलेला त्रिकोण हलतच नाही.

खडू_आणि_फळा :
सर, हे खरंच छान आहे. पण माझी मुलं कोनमापकाने मोजतात तेव्हा कुणाची बेरीज १७८ येते, कुणाची १८२, आणि मग वाद होतो की चूक त्रिकोणाची की मोजणाऱ्याची. मोजमापात चूक असते आणि सिद्धतेत नसते, हे त्यातून कळतं. तुमच्या स्क्रीनवर कायम १८० येणार म्हटल्यावर सिद्ध कशाला करायचं असं नाही का वाटत मुलांना?

कोन_आणि_त्रिकोण :
कायम येत नाही ना! कोन पूर्ण अंशात दाखवायला लावा आणि बेरीज मुलांना करू द्या. आमच्याकडे ६१, ६१ आणि ५९ दिसत होतं, बेरीज १८१. खरे कोन ६०.६, ६०.६ आणि ५८.८. मशीनसुद्धा मोजूनच दाखवतं आणि दाखवताना जवळच्या पूर्ण अंशात बदलतं, हे मुलांनीच शोधलं, सिद्धतेची गरज तिथूनच निघाली.

एक_बाबा :
तुम्ही दोघं चांगले शिक्षक आहात म्हणून अशी चर्चा करताय. माझा मुलगा टॅबवर धडा उघडतो आणि पाच मिनिटांत दुसरीच विंडो. घरी मी आहे, वर्गात ४० जणांवर एक शिक्षक कुठे कुठे बघणार? पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, तिच्या २०२२ च्या फेरीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटातल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलंय की निदान काही गणिताच्या तासांना तरी डिजिटल साधनांमुळे लक्ष विचलित होतं. आणि पेरू या देशात शाळेतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, २०१२ मध्ये अभ्यास आला तर गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरकच नाही. यंत्र हातात दिलं म्हणजे शिकवलं असं होत नाही हो.

आकडे_नीट_वाचा :
बाबा, त्याच पिसामध्ये हेही आहे की शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासाभरापर्यंत डिजिटल साधन वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुणांनी पुढे होती, घरची आर्थिक परिस्थिती लक्षात घेऊनसुद्धा. यावरून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. पण अर्धंच सांगू नका. साधनापेक्षा ते वापरायची पद्धत महत्त्वाची असं माझं म्हणणं, आणि पेरूचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे, तिथे लॅपटॉप दिले पण शिकवायची पद्धत तीच राहिली.

ऐकून_वाचणारी :
मी दृष्टिहीन आहे आणि आता स्वतः शिकवते, म्हणून राहवलं नाही. शाळेत असताना सर फळ्यावर लिहिता लिहिता म्हणायचे, "हे इकडे घेतलं, याने भागलं, की हे आलं." हे म्हणजे काय आणि इकडे म्हणजे कुठे? सगळा वर्ग बघत होता, मी अंदाज बांधत होते. पुढे एनव्हीडीए मिळालं, दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं, आणि पहिल्यांदा मी एक अख्खा धडा कुणाला न विचारता, दोनदा मागे जाऊन वाचला. फळा परत आणा म्हणता तेव्हा आम्हाला पण विचारात घ्या.

आणि स्क्रीनवाल्यांनाही सांगते, पानाचा फोटो काढून पीडीएफ पाठवली की ती माझ्यासाठी कोरीच असते. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर, म्हणजे असं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आपोआप वाचत नाही. टाइप केलेला मजकूर द्या.

खडू_आणि_फळा :
ताई, "हे इकडे घेतलं" मी रोज म्हणते. आज दिवसभरात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. उद्यापासून लिहिताना शब्द पूर्ण बोलायचा प्रयत्न करते, माझ्या वर्गात चष्मा असूनही शेवटच्या बाकावरून न दिसणारी दोन मुलं आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

पण सर, सरावाच्या बाबतीत मी हटणार नाही. समीकरण वहीतच सोडवायचं, टॅबवर फक्त उत्तर पडताळायचं, आणि तेही एकाच प्रयत्नात.

कोन_आणि_त्रिकोण :
एकच प्रयत्न हे नाही पटलं, चुकायची भीती बसेल. पहिलं उत्तर चुकलं तर वही दाखवूनच दुसरं टाकायचं, असं करून बघा की. आणि आधी तो फळा स्क्रीनच्या मागून काढून शेजारी लावून घ्या, दोन्ही लागतील तुम्हाला.

एक_बाबा :
वही तपासायला वेळ कुठून आणणार, ते पण सांगा सर. ४० वह्या आहेत.