डाऊनरिगर मागच्या कोपऱ्यात लावायचा की काठावर?

मिसिसॉगाकर

माझं मत सरळ मांडतो, विरोध झाला तर हवाच आहे. छोट्या बोटीवर डाऊनरिगर मागच्या फळीच्या म्हणजे ट्रान्समच्या कोपऱ्यात लावू नये. बाजूच्या काठावर, कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट पुढे, लांब दांड्याचा लावावा.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: केबलचं रीळ, त्यातून बाहेर निघालेला दांडा आणि केबलच्या टोकाला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीला सोडायचा. माशाने आमिष ओढलं की दोरी चिमट्यातून सुटते. मग मासा आणि तुम्ही, मधे शिसं नाही.

माझी बोट वीस फुटी, फायबरची, रुंदी आठ फूट. जुनी घेतली तेव्हाच दोन्ही डाऊनरिगर मागच्या कोपऱ्यांत बसवलेले होते. गेल्या ऑगस्टमध्ये ओंटारियो सरोवरात, पोर्ट क्रेडिट बंदरासमोर, शंभर फूट पाण्यात मोठा चिनूक सामन (सॅल्मन) लागला. वीस मिनिटं खेळवला. बोटीजवळ आल्यावर तो मागून आडवा गेला, दोरी आधी केबलला घासली आणि मग छोट्या इंजिनाच्या पंख्यात गेली. मुलगा जाळी घेऊन तयार होता, पण त्याला उभं राहायला जागाच नव्हती. एका कोपऱ्यात डाऊनरिगर, त्याला लागून छोटं इंजिन, मधे मोठं इंजिन, पलीकडे पुन्हा डाऊनरिगर. मासा जाळीत घ्यायची जागा मागचीच, आणि तीच आपण अडवून ठेवतो.

शिवाय कोपऱ्यातून मागे रोखलेले दोन गोळे आठ फुटांच्या अंतराने चालतात. काठावरून चार फुटी दांडे बाहेर काढले की तेच अंतर सोळा फूट. वळताना गुंता होण्याची भीती निम्म्यावर येते.

एकटा तांडेल

दादा, मासा गेल्याचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. तुमच्यासोबत मुलगा असतो. मी बर्लिंग्टनहून एकटाच निघतो, सुकाणूही माझ्याच हातात.

मागच्या कोपऱ्यात उभा राहिलो की गुडघे फळीला टेकतात, चिमटा हाताशी येतो आणि दोन पावलांवर चाक. काठावरच्या चार फुटी दांड्याला दोरी लावायची तर प्रत्येक वेळी दांडा फिरवून आत घ्या, नाहीतर कमरेतून बाहेर वाका. मे महिन्यात ओंटारियो सरोवराचं पाणी किती गार असतं हे तुम्हाला माहीत आहे. एकटा माणूस त्यात पडला तर बोट पुढे चालतच राहते.

दुसरं, बोट बाजूला डोलते त्याचा हिशेब तुम्ही धरला नाही. तुमच्या दांड्याचं टोक बोटीच्या मध्यरेषेपासून आठ फुटांवर. बोट दहा अंश कलली की ते टोक जवळजवळ दीड फूट वरखाली होतं. कोपऱ्यात ते चार फुटांवर असतं, म्हणजे हालचाल निम्मी. बाजूने लाट येत असेल तेव्हा गोळा खाली उड्या मारतो आणि चिमटा मासा नसताना सुटतो. दर वेळी गोळा वर घ्या, पुन्हा दोरी लावा, पुन्हा सोडा.

वेंगुर्ल्याची

मी मासेमारीच्या घरातली आहे, म्हणून विचारते. आमच्याकडे सुरमईला चालत्या होडीतून गळ ओढतात, पण ती वरच्या पाण्यातच लागते. या माशासाठी पाच किलोचा गोळा कशाला लागतो?

मिसिसॉगाकर

ताई, सामनला गार पाणी लागतं. चिनूक साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या थरात राहतो. उन्हाळ्यात वरचं पाणी वीसच्या पुढे गेलं की तो थर खाली उतरतो, कधी साठ फुटांवर, कधी शंभरच्याही खाली. नुसतं जड शिसं दोरीला बांधलं तर तेवढ्या खोलीला आमिष नेमकं राहत नाही, आणि मासा लागल्यावर ते वजन त्याच्याबरोबर ओढावं लागतं. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागला की आमच्या उत्तर किनाऱ्याचं ऊन पाणी आत सरोवरात ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. त्या दिवशी मासा अगदी जवळ मिळतो आणि खोली सगळी बदलते. म्हणून गोळा फुटाफुटाने वरखाली करता यावा लागतो.

तांडेल, डोलण्याचा मुद्दा मान्य. पण लाट मागून येते तेव्हा ट्रान्समच सर्वांत जास्त वरखाली होतं. तेव्हा तुमचा कोपरा काय करतो?

एकटा तांडेल

तेव्हा मी दिशा बदलतो. आणि वळण्याचंही सांगतो. उजवीकडे घट्ट वळलात की डावी केबल बोटीच्या मागच्या भागाखाली येऊ लागते. केबल पंख्याच्या पुढून निघत असेल आणि वेगाने मागे झुकलेली असेल, तर ती थेट पंख्याकडे जाते. माझी केबल पंख्याच्या मागूनच उतरते.

मिसिसॉगाकर

म्हणूनच तर दांडा चार फुटी म्हणतोय, दोन फुटी नाही.

मिशिगनकाठ

मी मिशिगन सरोवराकाठी मस्केगॉनला असतो. इथे हा खेळ मुरलेला आहे. मिशिगन राज्याने १९६६ साली कोहो जातीचे सामन आणि १९६७ साली चिनूक सोडले, एलवाइफ नावाच्या छोट्या माशांचा सुळसुळाट झाला होता तो आवरायला. तेव्हापासून लोकांच्या बोटींवर हा वाद चालू आहे.

माझं मत कोपऱ्याकडे, आणि कारण फिशफाइंडर, म्हणजे बोटीखाली ध्वनिलहरी सोडून पाण्यातलं पडद्यावर दाखवणारं यंत्र. मला गोळा पडद्यावर दिसायला हवा. त्याच्या लहरींचा वीस अंशांचा शंकू धरला तर शंभर फुटांवर त्याचा व्यास पस्तीस फूट, तिथे गोळा कोपऱ्यातून सोडा की काठावरून, फार फरक नाही. पण तीस फूट पाण्यात तो जेमतेम साडेदहा फूट होतो. तुमचे गोळे मध्यापासून आठ-आठ फुटांवर, म्हणजे दोन्ही शंकूच्या बाहेर. उथळ पाण्यात तळ अचानक वर आला आणि गोळा दिसत नसेल, तर तो कपारीत अडकणारच.

मिसिसॉगाकर

तीस फूट पाण्यात मासा बोटीच्या आवाजाने बिचकतो. तिथे मला गोळा दिसण्यापेक्षा तो बोटीपासून लांब असणं महत्त्वाचं वाटतं.

फायबरवाला

तुम्ही तिघं कुठे लावायचा यावर भांडताय. मी तीस वर्षं बोटी दुरुस्त करतोय, मला वेगळीच भीती वाटते. काठाच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलंय का?

हिशेब करा. बारा पौंडांचा गोळा चार फुटी दांड्यावर, म्हणजे डाऊनरिगरच्या बुडावर अठ्ठेचाळीस फूट-पौंडांचा पीळ. तो काहीच नाही. गोळा तळाला अडकला, रिळाचा क्लच घट्ट आवळलेला असला आणि केबल दीडशे पौंडांच्या ताणाला तुटणारी असली, तर ती तुटण्याआधी बुडावर सहाशे फूट-पौंड येतात. पातळ काठावर चार स्क्रूंनी बसवलेलं बूड मी उपटून आलेलं पाहिलंय, फायबरच्या तुकड्यासकट. गिऱ्हाइकाचा हात त्यात सापडला नाही हे नशीब.

काठ असो की ट्रान्सम, आत लाकडाचा गाभा असेल तर भोक पाडलं की पाणी शिरतं. हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि थर सोडवतं. दोन-तीन हिवाळ्यांत आतलं लाकूड भिजल्या पावासारखं होतं. म्हणून भोक मोठं पाडा, गाभा कडेने कोरा, इपॉक्सी राळ भरा, सुकू द्या, मग त्यातून बोल्टचं नेमकं भोक पाडा. खालून पाव इंच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेस बोल्ट, सागरी सीलंट. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. काठाखाली हात घालून नट लावता येत नसेल, तर तिथे डाऊनरिगर लावूच नका, मासे कितीही मिळोत.

क्लच सैल ठेवा आणि केबल कापायची पक्कड हाताशी ठेवा. वीस फुटी बोट मागून अडकली आणि मागूनच लाट आली, तर पाणी ट्रान्समवरून आत येतं.

मिसिसॉगाकर

भाऊ, आज काठाखाली हात घालून पाहिला. डाव्या बाजूला नट लावता येतो. उजवीकडे इंधनाची नळी जाते, बोटं पोचत नाहीत.

फायबरवाला

मग उजवीकडे भोक पाडू नका. ट्रान्समच्या वर आडवी फळी बसवतात तसं करा. दोन्ही टोकांना भक्कम कंस (ब्रॅकेट), त्यावर दोन्ही डाऊनरिगर, दांडे बाहेरच्या बाजूला तिरके. भोकं फक्त कंसांपुरती.

मिसिसॉगाकर

फळी आली की जाळीची जागा पुन्हा गेली. त्यासाठीच तर सगळं चाललंय. डावा डाऊनरिगर काठावर नेतो, उजवा कोपऱ्यातच ठेवतो आणि मुलाला डाव्या कोपऱ्यात उभं करतो. छोटं इंजिन उजवीकडेच आहे.

एकटा तांडेल

हे जमेल. उजवा गोळा दहा फूट जास्त खोल सोडा, म्हणजे वळताना दोन केबली एका पातळीत येणार नाहीत. आणि डावीकडून मासा आत घेताना आधी उजवा गोळा वर घ्या. गेल्या ऑगस्टमध्ये तो खालीच होता ना?

मिसिसॉगाकर

हो. खालीच होता.