मदत हवी आहे: अमळनेरला जुनं घर घेण्याआधी उधई (वाळवी) तपासणारा जाणकार
धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, इसारपावती अजून व्हायची आहे. तुळयांची टोकं मातीच्या भिंतीत शिरतात तिथे पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसतात. ठोकलं की लाकूड पोकळ वाजतं. उधई ओलीच्या आधाराने जमिनीतून वर चढते, त्यामुळे नुसत्या चौकटी पाहून जाणारा नको. ओलावा मोजायचं यंत्र आणणारा, तुळईच्या टोकात टोच्या खुपसून पाहणारा आणि खोलीवार लेखी अहवाल देणारा कोणी जळगाव-धुळ्याकडे आहे का? फवारणीवाल्याकडूनच तपासणी नको, तो काम काढणारच. उपचार लागलाच तर भिंतीलगत फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभरापर्यंत द्रावण सोडणारे, कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवणारेही सुचवा.