चक्कर: गोळी आधी की व्यायाम आधी?

मुक्ता_ठाणे
कुशीवर वळताना, फळीवरचा डबा काढायला वर बघताना ज्यांचं घर क्षणभर गरगरतं, त्यांना पहिल्याच भेटीत व्यायाम शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे काय होतं? मानेचा एक्स-रे, 'मणक्यात गॅप आहे', गळ्यात पट्टा आणि महिनोन् महिने बेटाहिस्टीन ही चक्करेची गोळी. माझ्या सासूबाईंचं हेच झालं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांची मान एका बाजूला वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोळ्यांची थरथर पाहिली आणि तिथेच एप्ली केली, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी आणायची कृती. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. गोळीने ते परत जात नाहीत, मग गोळी कशाला?

दादर_पश्चिम
असहमत. ही कणांची चक्कर बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआपही जाते, आणि श्रेय मिळतं शेवटी ज्याने हात लावला त्याला! शिवाय घरी एप्ली करायची तर कान कुठला हे कळायला हवं. यूट्यूब लावून भलत्याच बाजूने केली तर चक्कर तशीच, वर ओकाऱ्या. मानेचं ऑपरेशन झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय वाटेलाच जाऊ नये.

मुक्ता_ठाणे
म्हणून तर ब्रांट-डॅरॉफ हा घरी करायचा व्यायाम आहे. पलंगाच्या कडेला बसायचं, मान थोडी डावीकडे वळवून उजव्या कुशीवर पटकन आडवं व्हायचं, गरगर थांबेपर्यंत किंवा अर्धा मिनिट पडून राहायचं, उठून बसायचं. मग दुसरी बाजू. दोन्हीकडे करायचं असतं, त्यामुळे कान ओळखायची भानगडच नाही.

दादर_पश्चिम
आणि गुण एप्लीपेक्षा कमी, तेही लिहा की.

तोल_सांभाळा
मी फिजिओ आहे. दोघंही कणांवरच अडकलात. विषाणूमुळे तोलाच्या नसेला सूज येऊन गेली, चक्कर ओसरली, पण चालताना झोक जातो, अशांना एप्लीचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी कॉथॉर्न-कुक्सी पद्धतीचे व्यायाम. 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी बसवलेले, अजून चालतात. सगळ्यात साधा प्रकार: भिंतीवरच्या कालनिर्णयच्या एका तारखेवर नजर रोखायची आणि 'नाही नाही' म्हणताना हलवतो तशी मान हलवायची. आकडा स्थिर दिसला पाहिजे. तो पुसट झाला तर वेग कमी करा. थोडं गरगरणार, गरगरायलाच हवं. त्याशिवाय मेंदू शिकत नाही. म्हणूनच स्टेमेटिल, स्टुजेरॉन या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले काही दिवस ठीक, पुढे महिनाभर चालू ठेवल्या तर हे शिकणंच लांबतं. बेटाहिस्टीन मात्र त्यांच्या पंक्तीत बसवू नका, ती वेगळी आहे.

खडूस_आजोबा
गरगरायला हवं म्हणे! म्हाताऱ्या माणसाने गरगरून पडावं आणि खुबा मोडून घ्यावा? आमच्या बागेतल्या योगवर्गात सत्तरीच्या लोकांना डोळे मिटून वृक्षासन करायला लावतात. माझा या असल्या सरसकट व्यायामाला विरोध आहे. माझी चक्कर बीपीच्या गोळीची निघाली. अंथरुणातून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. आडवं आणि उभं असं दोनदा बीपी मोजलं, उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसपेक्षा जास्त खाली. डोस बदलला, संपलं. मान हलवत बसलो असतो तर?

मुक्ता_ठाणे
आजोबा, मी कुशीवर वळतानाच्या गरगरीबद्दल लिहिलंय, अंधारीबद्दल नाही.

वैशाली_नाशिककर
हा फरक घरच्या माणसाला कळतोच असं नाही ना! माझी भीती वेगळीच आहे. अचानक चक्कर, बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, हातात जोर नाही किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, अशा वेळी कोणी 'कण सरकले असतील' म्हणत उशा मांडत बसू नये. रिक्षा करा आणि हॉस्पिटल गाठा. पक्षाघात असू शकतो.

तोल_सांभाळा
शंभर टक्के. आणि आजोबा, डोळे मिटून एका पायावर उभं करण्याला माझाही विरोधच आहे. आधी दोन्ही पाय जुळवून, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल, तेही ओट्याला हात लावून.

खडूस_आजोबा
ओट्यापाशी सून उभं राहू देत नाही.

तोल_सांभाळा
मग खोलीचा कोपरा घ्या. पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्ची, घरात कोणीतरी असताना. पायात मोजे नकोत, फरशीवर सटकतात.