गुलमंडीत की गुलमंडीवर?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या भाच्याचा फोन आला. "मामा, गुलमंडीत आहात का?" मी पटकन म्हणालो, "हो, गुलमंडीवरच आहे." फोन ठेवल्यावर शब्द खटकला. पुणेकर मंडईत जातात, आपण संभाजीनगरकर मात्र गुलमंडीवर. दोन्ही बाजारच, मग एकाला 'त' आणि दुसऱ्याला 'वर' का?

पैठणगेटापासून शहागंजापर्यंत चालत गेलं, तर रस्ता तसा एकच. पण दर थोड्या पावलांनी नाव बदलतं आणि नावाबरोबर प्रत्ययही. पैठणगेटला उतरायचं. गुलमंडीवर खरेदी करायची. मछलीखडकला कापड बघायचं. सिटी चौकात वळायचं. सराफ्यात दागिना करायला टाकायचा. मग शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी रिक्षा. पैठणगेट ते गुलमंडी या तुकड्याचं पाटीवरचं नाव टिळकपथ, पण ते पावतीपुस्तकात आणि लग्नपत्रिकेत. रिक्षावाल्याला मी एकदा "टिळकपथ" म्हणालो, तर म्हणाला, "काका, पैठणगेट म्हणा की सरळ."

माझा अंदाज असा. 'वर' आपण पारावर, नाक्यावर, कट्ट्यावर म्हणताना लावतो, म्हणजे जिथं माणसं जमतात, टेकतात, तिथं. गुलमंडीची 'मंडी' केव्हाच संपली, सुपारी हनुमानासमोर भेटायचा ठिय्या तेवढा उरला. मोंढा मात्र अजून धान्याचा आहे, माल आत जातो आणि बाहेर येतो, म्हणून मोंढ्यात. सराफाही तसाच.

आता 'गुल'. आमची आजी ठामपणे गुळाची मंडी म्हणायची. शेजारचे चाचा तितक्याच ठामपणे फुलांची. आजीच्या बाजूनं एक मुद्दा आहे: दख्खनी बोलीत 'ळ' नाही, त्यामुळे मराठी 'गुळ'चा 'गुल' व्हायला वेळ लागत नाही. पण दख्खनी बोलणारा गुळाला 'गुड' म्हणतो, मग 'गुडमंडी' का नाही झाली? फारसी 'गुल' आणि हिंदी 'मंडी' ही जोडी मला जास्त जमलेली वाटते. आजीला हे कधी सांगायची हिंमत झाली नाही. 'मंडी' आणि आपली 'मंडई' या बहिणीच, दोघींचं मूळ संस्कृत 'मण्डपिका' सांगतात. जकातीची मांडवी त्यांचीच नातलग.

खडकाचंही बघा. आपलं शहर मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं ते खडकी नावानं. त्याच्या मुलानं, फतेह खानानं त्याचं फतेहनगर केलं, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. एवढं सगळं होऊन खडक तोंडातून गेला नाही: खडकेश्वर आहे, मछलीखडक आहे. मछलीखडकला मासळी मागायला जाऊ नका, साडी मिळेल. तसाच मकाई गेट. लहानपणी आम्हाला वाटायचं, तिथं मक्याची कणसं विकत असतील. पश्चिमेकडचा दरवाजा तो, मक्केच्या दिशेचा.

शहागंजातला 'गंज' म्हणजे फारसीत खजिना, साठा; त्यावरून बाजार. आमच्याकडे स्वयंपाकघरात भात शिजवायचा तोही गंज आणि शेतात कडब्याची रचतात ती गंजी. साठवण तिन्हीकडे आहे. लोखंडावर चढतो तो गंज निराळा, त्याला यात ओढू नये.

लातूरकरांकडे तर गंज आणि गोलाई एकत्रच आहेत, गंजगोलाई. १९१७ सालची ती गोल इमारत, भोवती सोळा रस्ते, आणि रस्त्यांना धंद्याची नावं: कापड लाइन, भुसार लाइन. तिथं मी 'गोलाईत' ऐकलंय, 'गोलाईवर' कधीच नाही. जालना-परभणी-नांदेडकरांनी आपापलं सांगावं. तुमच्याकडे माल मोंढ्यात नेतात की मोंढ्यावर?