मुलांची पोटदुखी: जठरातल्या पेशी मोजायच्या का?

जास्वंद:
माझी लेक ९ वर्षांची. दीड वर्ष झालं, बेंबीभोवती दुखतं म्हणते. सोनोग्राफी, रक्त, शौच, सगळं नॉर्मल. जंताचं औषध दोनदा झालं. 'शाळा बुडवायची नाटकं' हे वर्गात ऐकलं, घरीही ऐकलं. शेवटी एंडोस्कोपी केली. वरून जठर निरोगी दिसलं, पण बायोप्सीत (जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला) मास्ट पेशी आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त निघाले. ॲलर्जीत हिस्टामिन सोडतात त्याच या मास्ट पेशी. माझं स्पष्ट मत आहे, वारंवार पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची ही तपासणी व्हावी. निदान लेकरांना खोटं तरी ठरवणार नाहीत.

सातारकर:
ताई, तुमचा राग समजतो, पण 'प्रत्येक' नको. ॲप्ली आणि नेश या डॉक्टरांनी १९५८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १००० शाळकरी मुलांचा अभ्यास छापला. दहातल्या एकाला तरी असं दुखणं होतं. इतक्या पोरांना भूल देऊन नळी घालायची? शिवाय इओसिनोफिल निरोगी जठरातही थोडे असतातच. किती म्हणजे जास्त, यावर एकमत नाही.

जास्वंद:
नुसता आकडा नका बघू, पेशी कुठे बसल्यात ते बघा. इटलीतल्या बार्बारा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की आयबीएसच्या (आतड्याच्या जुनाट पोटदुखीच्या आजाराच्या) रुग्णांत मास्ट पेशी मज्जातंतूंना जितक्या खेटून, तितकं दुखणं जास्त.

सातारकर:
ते मोठ्यांच्या मोठ्या आतड्यातलं. लहान मुलांच्या जठराला तसंच्या तसं कसं लावणार? आणि पेशी सापडल्या की गोळी सुरू होते, मला भीती त्याची आहे. मॉन्टेलुकास्ट या दमा-ॲलर्जीच्या औषधाचा काही मुलांना उपयोग झाला, हे मान्य. पण त्याच औषधावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये मनावरच्या दुष्परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दुसरीकडे २००९ च्या एका चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधाने ६३ टक्के मुलांना बरं वाटलं, आणि नुसत्या दिखाऊ गोळीने ५७.५ टक्क्यांना!

वॉर्डातली_सिस्टर:
मी मुलांच्या वॉर्डात काम करते. वजन घटणं, उंची खुंटणं, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारी कळ, सतत उलट्या, यातलं काही असेल तर एंडोस्कोपीला उशीर करू नये. नसेल तर आधी शौचाची सवय, जेवणाच्या वेळा, शाळेतला ताण बघावा. आणि 'मनाचं की शरीराचं' हा वाद मला पटतच नाही. ताणात शरीरात सुटणारं सीआरएच हे संप्रेरक मास्ट पेशींनाही चाळवतं. परीक्षेच्या सकाळी दुखणारं पोट खरोखर दुखत असतं.

सातारकर:
हे पटलं. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात संमोहन उपचारांनी वर्षभरानंतर ८५ टक्के मुलं बरी होती, नेहमीच्या उपचारांनी २५ टक्के. पण तेवढ्यावरून त्यांचं दुखणं खोटं होतं असं कुणी म्हणणार नाही.

जास्वंद:
'प्रत्येक मुलाची' हा शब्द मागे घेते. पण बायोप्सीचा कागद दाखवेपर्यंत माझ्या लेकीवर कुणी विश्वास ठेवला नाही, हे विसरणार नाही. परवा डॉक्टरांकडून शाळेसाठी चिठ्ठी घेतली. दुखायला लागलं की पंधरा मिनिटं आडवं होऊ द्यायचं, मग परत वर्गात. काल पहिल्यांदाच ती पूर्ण दिवस बसून आली.